कळवळा शिकवणारे सर

आमचे ग्रीकवाले सर रडणाऱ्याला वर्गातून हाकलायचे. "बाहेर जाऊन रड, इथे क्रियापदं चाललीत!" माधव नगरात त्यांच्या बैठकीत बायबलचा नवा करार मूळ ग्रीकमधून वाचायला आम्ही चौघं जायचो. माझे वडील गेले त्या आठवड्यात माझे डोळे भरून आले, तर मलाही दार दाखवलं. मेला खडूस!

त्यांचं लाडकं क्रियापद एकच, स्प्लांख्निझोमाइ. कळवळणे. "आतड्यांवरून आलंय," पोटावर थाप मारत ते सांगायचे, "आपलं आतडं तुटतं ना, तेच. पण शुभवर्तमानांत बघा, येशूला कळवळा आला की हात पुढे होतोच. कुष्ठरोग्याला शिवतो, भुकेल्यांना जेवू घालतो. उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातला बापसुद्धा परत आलेल्या पोराला बघून धावत सुटतो. हात हलला नाही तर हे क्रियापद लावायचं नाही. नुसते उसासे फुकट असतात!" शिकवायचे असे, की अंगावर काटा यायचा.

आणि आतल्या खोलीत काकू लकव्याने खिळलेल्या. "अहो, पाणी देता का?" अशी हाक यायची. सर पुस्तकातून मान वर करत नसत. "रूथ, बघ गं," एवढंच. ऑफिसातून दमून आलेली त्यांची मुलगी हातातला चहा ठेवून पळायची. तिला चांगली स्थळं आली, ती सरांनी परतवली. "आईचं कोण करेल मग?"

एकदा वर्ग चालू असताना रूथ दाराशी आली. "पप्पा, मम्मीला धाप लागलीय. तुमचा हात धरायचा म्हणतेय."

"एवढं वचन वाचून होऊ दे."

वचन झालं. तोवर काकू गेल्या होत्या.

यंदा सरच अंथरुणाला लागले. मी भेटायला गेले तेव्हा रूथ त्यांना दलिया भरवत होती. चादर स्वच्छ, दाढी केलेली, कशात म्हणून कमी नाही. सर मात्र सारखे तिच्या तोंडाकडे बघत होते. जन्मात कुणाकडे काही न मागितलेला माणूस चाचरत म्हणाला, "रूथ, माझा कळवळा येतो ना गं तुला?"

तिने त्यांचे ओठ पुसले. "नाही, पप्पा."

"हात तर हलतोय तुझा."

"हात हलतोय. आत काही नाही."

"मग ह्याला काय म्हणायचं?" सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

रूथने चमचा भरला. "रडायचं ते नंतर रडा. तोंड उघडा."