वह्यांतल्या कापलेल्या सह्या

अशी जवळ सरक बघू. महिनाभराने तोंड दाखवतेस. तिकिटं जमवायला लागलीस, छान केलंस. पण मैत्रिणीच्या पत्रावरचं तिकीट तिला न विचारता कापलंस, हे शोभलं नाही. का म्हणते, ऐक.

तीस सालानंतरची गोष्ट. नाशिकच्या ठाण्यात बायकांची झडती घ्यायला मला ठेवलं होतं. त्या नोकरीतलं एक प्रकरण अजून मनातून जात नाही. पंचवटीत एका उपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या होत्या. यात्रेला आलेला यजमान त्यांत घराण्याची नावं लिहवायचा, खाली सही करायचा. एकजण आजोबांची सही बघायला आला, तर त्या जागी चौकोनी भोक! मग पाहिलं, तर वहीवहीत भोकं.

खबऱ्याने सांगितलं, हे काम वह्या उन्हात घालणाऱ्या उपाध्यांच्या विधवा सुनेचं. वाटणीच्या दाव्यात या वह्यांतली नावं पुरावा धरतात, तेव्हा कुणा यजमानाकडच्या भांडणातल्या कुणीतरी तिला फितवलंय. सासरे फौजदारसाहेबांना म्हणाले, "हिचंच काम निघालं, तर घरात थारा नाही." माहेरी तिचं कुणीच उरलं नव्हतं.

मी झडती घेतली. काही निघालं नाही. पोरगी म्हणाली, "मावशी, माझं लुगडं काय झटकता? वही उघडून बघा की."

उघडली. नावं सगळी जागच्या जागी, फक्त सह्या गेलेल्या. मी म्हटलं, "साहेब, वाटणीवाला नावाचं पान फाडील. हे कुणीतरी बघत बसायला नेलंय."

"तुम्ही झडती घ्या, बाई. तपास आमच्याकडे राहू द्या."

तरी मी सुनेला विचारलंच, "घरी येऊन अक्षराचं कौतुक कोण करतं गं?"

"पेन्शनर मास्तर. रोज दुपारी वह्या बघतात. वळण काय सुंदर, म्हणतात."

पंच घेऊन आम्ही मास्तरांकडे गेलो. कपाट उघडायलाही लागलं नाही. "या, या, सावकाश बघा," म्हणत त्यांनीच आपल्या संग्रहाची वही पुढे ठेवली. आधी पाकिटांवरचे पत्ते जमवले होते, पुढे या सह्या. चेहऱ्यावर लाजेचा मागमूस नाही.

साहेबांनी विचारलं, "यातली कुणाची कुठली?"

"नावं कशाला? वळणाप्रमाणे लावल्यात."

आठ दिवस ती सून ठाण्याच्या ओसरीवर बसून एकेक तुकडा भोकाला लावून बघत होती. सासरे गुपचूप तिच्या शेजारी येऊन बसले, पाणी देऊ लागले. शेवटी अकरा तुकडे कुठेच बसेनात.

साहेबांनी मास्तरांना बोलावलं. ते शांतपणे म्हणाले, "ती इथली नव्हेत, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्यांतली."

साहेबांनी टाक उचलून तेही लिहून घेतलं.

चोर मी पुष्कळ पाहिले. बहुतेकांची नजर खाली जायची. मास्तरांची गेली नाही. जीव लावून जमवणाऱ्याला आपण दुसऱ्याचं उचललंय हे दिसेनासं होतं, एवढं मी त्या दिवशी शिकले. तू जमव, भरपूर जमव, मलाही बघायला आवडतं. आता मात्र लवकर ये हो, माझे डोळे अधू होत चाललेत.