मुआरमध्ये कापलेली निळी साडी

नाशिकची थंडी सोडून जाताना कुणाला वाईट वाटल्याचं मी ऐकलेलं नाही. मला वाटलं. जानेवारीतली पहाट होती. नाशिक रोड स्टेशनावर लोक कानटोप्या घालून, चहाचे पेले दोन्ही हातांत धरून कुडकुडत होते आणि मी जाड शालीत हनुवटीपर्यंत गुंडाळलेली, एकटीच खुशीत होते. शालीखाली काय आहे आणि काय नाही, हे थंडीत कुणी बघत नाही.

आदल्या वर्षी माझ्या डाव्या छातीत गाठ निघाली. डॉक्टरांनी ती बाजूच काढून टाकली, वर किरणांचा शेक दिला. जीव वाचला, त्याबद्दल तक्रार नाही. पण डावा हात सुजू लागला, तो खांद्याच्या वर जाईना आणि शाळेत भूगोल शिकवताना जन्मभर नेसलेल्या माझ्या सुती साड्या कपाटात पडून राहिल्या, कारण ब्लाउजची बाही त्या हातावर चढेना. सैल ब्लाउज शिवून पाहिला, तर तो एका बाजूला रिकाम्या पिशवीसारखा लोंबायचा. पंजाबी ड्रेस आणला, तो सिंथेटिक. भाजलेल्या कातडीला चावायचा. आणि मला तर मुळात सुती कापडाशिवाय करमत नाही. कांजी घातलेल्या साडीची करकर कानावर पडली की मला कामाचा हुरूप येतो, यावरून घरात माझी चेष्टाही होते. शेवटी उरला गाऊन. गाऊनवर बाई फार तर दूधवाल्यासमोर जाते. मी घराबाहेर पडणंच सोडलं.

त्यात वैशाखात चांदवडला नणंदेच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. आमच्यात मंगलाष्टकं चालू असताना नवरीच्या मागे मामा-मामी उभे राहतात. मामी म्हणजे मी. मांडवातला प्रत्येक डोळा नवरीवर असतो, म्हणजे तिच्या मागच्या बाईवरही असतोच. "वन्सं, मला धरू नका," असं मी फोनवर सांगून टाकलं. वन्सं रडल्या. मी बधले नाही.

माझा धाकटा भाऊ प्रकाश तेव्हा मलेशियात मुआर नावाच्या गावी फर्निचरच्या कारखान्यात नोकरीला होता. "ताई, तिथं कोंडून घेण्यापेक्षा इथं येऊन कोंडून घे, निदान समुद्र तरी दिसेल," असं तो म्हणाला आणि यजमानांनी तिकीटच काढलं. सासूबाईंनी बॅगेत शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीचं पीठ कोंबलं. त्यांची पाठ वळल्यावर मी तळाशी एक साडी ठेवली. माझी नोकरी कायम झाली त्या दसऱ्याला सासूबाईंनी मळ्यातला झेंडू विकून आणलेली. गडद निळी, काठ हळदी, पदरावर हळदी पट्टे. मी ती नेसणार नव्हते. पण ती घरी ठेवून निघायला मन होईना.

क्वालालंपूरला विमानातून उतरले आणि गरम वाफेने तोंड भरलं. शाल अंगावर ठेवणं अशक्य आणि काढणं त्याहून अशक्य. बसमध्ये मी तशीच घामाने थबथबत बसले. बाहेर मैलोन्‌मैल ताडतेलाची झाडं, एकासारखं दुसरं. भूगोलाच्या पुस्तकात 'मळ्याची शेती' हा धडा मी कितीदा शिकवला, पण हा मळा इतका गप्प असेल असं वाटलं नव्हतं. आमच्या मळ्यात निदान बायका भांडत तरी असतात.

मुआर मात्र बोलकं गाव. गढूळ, रुंद नदी, तिच्या काठावर पांढरी मशीद, जुन्या दुकानांच्या रांगा. सकाळी केळीच्या पानात बांधलेला नारळाच्या दुधातला भात मिळतो, त्याला नासी लमाक म्हणतात. त्यावर कुरकुरीत काहीतरी भुरभुरलेलं होतं. मी शेव समजून मूठभर खाल्लं. "ताई, मासे आहेत ते, वाळवलेले," असं माझी भावजय विद्या म्हणाली, तोवर उशीर झाला होता. छान लागले, हे मी तिला दोन दिवसांनी सांगितलं.

प्रकाशचं बिऱ्हाड एका लाकडी घराच्या मागच्या भागात होतं. घर खांबांवर उभं, खालून कोंबड्या फिरायच्या. पुढच्या भागात घरमालकीण, माक्चिक (मावशी) सलमाह, एकट्या राहायच्या. साठीच्या, ठेंगण्या, विधवा. मुलं नोकऱ्यांमुळे दूर. इंग्रजी तुटक, पण त्यांचं त्यावाचून अडत नसे. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या शालीकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि पंखा माझ्याकडे वळवला.

न्हाणीघर अंगणाच्या टोकाला होतं. विद्याने मला सारोंग दिला. सारोंग म्हणजे शिवलेली लुंगी. तिकडच्या बायका अंघोळीला जाताना तो छातीवर गुंडाळून खोचतात. मी तसाच खोचला आणि अंगणाच्या मधोमध आल्यावर तो सरळ खाली आला. साहजिकच होतं. तो ज्याच्या आधाराने राहतो ते माझ्याकडे अर्धंच होतं. धरायला डावा हात उठेना, उजव्या हातात बादली. समोर माक्चिक कोंबड्यांना दाणे टाकत उभ्या.

त्यांनी सगळं पाहिलं. घाईने नजरही वळवली नाही. दाण्यांचं भांडं खाली ठेवलं, जवळ आल्या, सारोंग उचलला, माझ्याभोवती गुंडाळला आणि उजव्या खांद्यावर घट्ट गाठ मारली. मग विचारलं, "हात किती वर जातो?"

वर्षभरात मला लोकांनी पुष्कळ विचारलं होतं. आता बरं आहे ना, दुखतं का, परत तर नाही ना होणार. हात किती वर जातो, हे कुणी विचारलं नव्हतं. मी दाखवला. खांद्यापर्यंत.

"पुरे आहे," त्या म्हणाल्या. "कुरुंग शिवू."

बाजू कुरुंग म्हणजे मलय बायकांचा नेहमीचा पोशाख. गुडघ्यापर्यंत सैल अंगरखा, खाली घोट्यापर्यंत घेराचा कपडा. रमजान चालू होता आणि ईद जवळ आलेली, त्यामुळे त्या मला घेऊन बाजारात गेल्या तेव्हा दुकानं नव्या कापडांनी फुटायला आली होती. पण सगळं चकचकीत आणि निसरडं. मी प्रत्येक गठ्ठ्याला बोट लावायचे आणि मान हलवायचे. दुकानदार वैतागला.

"मॅडम, हे धुतलं की लगेच वाळतं. इस्त्री नको."

"मला इस्त्री आवडते," मी म्हटलं.

"घामाचे डाग नाहीत. हे घाम शोषतच नाही."

"तेच तर."

माक्चिक हसू दाबत होत्या. त्याच्याकडे सुती होतं ते बाळांच्या दुपट्यांचं, बदकांच्या चित्रांचं. भूगोलाची बाई बदकं घालून कशी हिंडणार? आम्ही रिकाम्या हाताने परतलो. मग कसं कोण जाणे, मी बॅगेच्या तळातून ती निळी साडी काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली.

त्यांनी ती चोळून पाहिली, वास घेतला, गालाला लावली. "कापास," त्या म्हणाल्या. हा शब्द मला सांगावा लागला नाही. कापूस तिकडेही कापूसच. मग त्यांनी ती पाण्यात बुडवली. पाणी पांढरं झालं, माझी लाडकी कांजी वाहून गेली. मी हळहळले, तर म्हणाल्या, "कापडाला ताठ उभं राहायला लावतेस. थोडं बसू दे त्याला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओसरीवर साडी अंथरली. स्वतः दिवसभर उपाशी, पण माझ्यासाठी आधी गोड कॉफी आणून ठेवली. मग बिस्मिल्ला म्हणून कात्री माझ्या हातात दिली. "कापड तुझं. पहिला काप तू घे."

मला सासूबाई दिसल्या. झेंडूच्या पाट्या डोक्यावर घेऊन पहाटे मार्केटला जाणाऱ्या. त्या बाईने मला, एका मास्तरणीला, अभिमानाने दिलेली साडी मी परमुलखात कापणार होते. घरी काय सांगू? आणि नाही कापली तर काय करू, कपाटात ठेवून पूजा करू? मी कात्री चालवली. कर्र असा आवाज झाला आणि मी रडायला लागले. माक्चिक शेजारी बसून राहिल्या. माझं आटोपल्यावर त्यांनी कात्री घेतली.

पदराशी आल्यावर मात्र त्या थांबल्या. त्यांच्या सारोंगातही एका जागी वेगळ्या नक्षीचा पट्टा असतो, त्याला कपाला काइन (कापडाचं डोकं) म्हणतात. "हे डोकं आहे," त्या पदरावर हात ठेवून म्हणाल्या. "डोकं कापायचं नाही. घरी घेऊन जा." पदर त्यांनी अख्खा घडी करून ठेवला.

कुरुंगाची सारी करामत बगलेत आहे. तिथे एक चौकोनी तुकडा तिरपा जोडतात, त्याला केकेक म्हणतात. त्यामुळे हात कसाही हलवा, कापड ओढत नाही. माझ्या डाव्या बाजूचा तुकडा त्यांनी उजवीपेक्षा मोठा घेतला. गळ्याची कड हाताने शिवली, बारीक, एकाला एक लागून टाके. काठाची हळदी पट्टी खाली घेरावर आली.

मी तो घातला. सुजलेला हात बाहीत असा गेला, जणू कधी सुजलाच नव्हता. पुढून दोन्ही बाजू सारख्याच सैल. वारा एका बाहीतून शिरला आणि सगळ्या अंगाला लागून गेला. कातडीला काहीही चावत नव्हतं. आरशात मी मलाच बऱ्याच दिवसांनी नीट पाहिलं. गबाळी वाटत नव्हते, आजारी तर मुळीच नाही. त्या संध्याकाळी मी शालीशिवाय नदीकाठी फिरायला गेले आणि तळलेली केळी घेऊन खात खात परत आले.

ईदच्या दिवशी माक्चिकचं घर भरलं. मुली, जावई, नातवंडं, सगळ्यांचे कपडे एकाच हिरव्या कापडाचे. अगदी रांगत्या बाळाचं झबलंसुद्धा. नारळाच्या पानांच्या डब्यांत शिजवलेला भात, रस्सा, पाहुण्यांची रांग. त्या हिरव्या गोतावळ्यात मी एकटी निळी.

"सगळ्यांना एकच कापड का?" मी विचारलं.

"गर्दीत कुणी मागे राहिलं," माक्चिक म्हणाल्या, "तर लोकांना कळावं कुणाचं आहे."

मुआरहून निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला आणि मग आपला तळवा छातीशी नेला, त्यांच्याकडे तसाच रिवाज आहे. मी वाकून पाया पडले, आमच्याकडे तसा आहे. दोघींनाही ते बरोबर वाटलं.

नाशिकला आले तेव्हा थंडी सरली होती. सासूबाईंनी बॅग उघडताच कुरुंग वर आला. त्यांनी काठ ओळखला.

"ही माझी साडी ना गं?"

"हो, आत्या. कापली मी."

मग मी भडाभडा सगळं सांगितलं. अंगण, कोंबड्या, कांजी, हिरवं कापड, सगळं. त्या ऐकत होत्या, बोटांनी केकेक चाचपत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "पदर कुठंय?" मी दिला. तो घेऊन त्या मळ्यातल्या घरी निघून गेल्या. त्यानंतर त्यांनी ना साडीचं नाव काढलं ना कुरुंगाचं. त्या दुखावल्या, असंच मी धरून चालले. मी घरात कुरुंग घालायचे, पण फाटकाबाहेर जाताना पाय अडायचा. इथे माझ्या कापडाचं दुसरं कोण होतं?

लग्नाच्या दिवशी मी चांदवडला गेले खरी. कुरुंग घातला आणि वन्संच्या घरी आतल्या खोलीत कांद्याच्या पोत्यांशेजारी बसून राहिले. बाहेर बायकांची कुजबुज चालू होती. "वहिनींनी काय घातलंय? गाऊन हाय का?" भटजींनी नवरीच्या मामा-मामीला हाक मारली. यजमान दाराशी येऊन उभे राहिले. मी नको म्हणून मान हलवली.

तेवढ्यात सासूबाई आत आल्या. नऊवारी त्यांची नेहमीचीच, पण चोळी निळी. तिच्यावर हळदी पट्टे. बाह्या कोपरापर्यंत सैल आणि बगलेत चौकोनी तुकडा.

"आत्या, हे कधी?"

"तू दुपारची झोपली व्हतीस तवा तुझा झबला नेऊन शिंप्याला दावला," त्या म्हणाल्या. "त्यो म्हनला, आज्जी, असली बगल म्या कधी शिवली नाय. म्हनलं, आता शिव." मग त्यांनी माझा डावा हात, सुजलेलाच, धरला. "त्या बाईकडं समदे एका कापडातले व्हते ना? मंग चल. लोकान्ला बघायचं तं दोघींला बघू दे."

आम्ही मांडवात गेलो. नवरीच्या मागे यजमान, मी, आणि मामीच्या शेजारी उभं राहायचा कसलाही मान नसलेल्या माझ्या सासूबाई. कुणीतरी विचारलंच, "आजी, ह्ये कसलं वं कापड?"

"आमच्या घरचं हाय," त्या म्हणाल्या.

त्यानंतरच्या वर्षांत मी कितीतरी कुरुंग शिवून घेतले, सगळे सुती. शाळेत ते घालून शिकवलं, नकाशावर मलाक्काची सामुद्रधुनी दाखवताना मुलींना मुआरही दाखवलं. पण कापडासाठी माणूस एवढा दूर कशाला जातो, असं कुणी विचारलं की मला मुआर आठवत नाही. चांदवडचा मांडव आठवतो. शेवटचं 'सावधान' झालं, आणि अक्षता टाकायला मी दोन्ही हात वर केले. डावा खांद्यापर्यंतच गेला. शेजारी सासूबाईंचे दोन्ही हात अगदी धडधाकट, पण त्यांनीही ते खांद्यापर्यंतच नेले आणि तिथूनच अक्षता टाकल्या.