फोर्कलिफ्टचा ब्रेक
हळदीच्या गोदामात डिझेलचा वास आला की मला ती सकाळ आठवते. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी; गोदामात गाड्या तपासायचं काम माझ्याकडं होतं. पोती उचलणारी फोर्कलिफ्ट कळमनुरीच्या रस्त्यानं पलीकडच्या गोदामाला निघायची असली की तिचे दिवे, हॉर्न, ब्रेक मी तपासायचो, आणि मी हो म्हटल्याशिवाय ती फाटकाबाहेर पडत नसे. त्या सकाळी ती चालवणारे काका म्हणाले, "साहेब, ब्रेक बराबर लागून न्हाई राहिला." मी स्वतः चालवून पाहिली, तर पाय ठेवताच गाडी जागेवर थांबली. "काका, ब्रेक चांगला हाय." "मंग मलाच काहून लागत न्हाई?" ते पुन्हा चढले. यंत्राला चप्पल लावायची नाही म्हणून ते नेहमी अनवाणीच चढायचे. चढताना त्यांच्या तळव्यात रुतलेला बाभळीचा काटा मला दिसला. मी दाखवला तेव्हा ते पायाकडे बघतच राहिले. "कवा घुसला, कळलंच न्हाई." साखरेच्या आजारानं पाय बधिर झाला होता. मग ते सावकाश उतरले आणि किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाले, "गाडी पास कर, लेका. मला नको करू." पुढं ते फक्त दसऱ्याला, मशीनच्या पूजेला यायचे आणि फोर्कलिफ्टला हार घालायचे. ते वारले, तेव्हापासून तिला हार मी घालतो.