आत्यांचा पैलवान

माझ्या बायकोच्या आत्याने उभ्या आयुष्यात माघार घेतली ती फक्त ड्राइव्हवेमधून गाडी बाहेर काढताना, आणि तेव्हाही मागच्या जगाने आपणहून बाजूला व्हावं अशीच त्यांची अपेक्षा असे. वय सत्तरीच्या घरात, उंची जेमतेम पाच फूट, माहेर कोल्हापूरचं आणि वास्तव्य कित्येक वर्षं मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीत. इथे आपली माणसं घर घेतात ती मुलांच्या शाळेकडे बघून. आत्यांनी घेतलं ते गॅरेजचं दार रुंद होतं म्हणून. पेशाने त्या भूलतज्ज्ञ. नोकरीत असताना लोकांना झोपवलं आणि निवृत्त झाल्यावर दर रविवारी सकाळी अख्ख्या गल्लीला उठवायचं व्रत घेतलं. उठवायचं काम करायची त्यांची गाडी. सत्तरच्या दशकातली, दोन दारांची, आठ सिलिंडरची, पिकल्या हापूसच्या रंगाची. जग अशा गाड्यांना मसल कार म्हणतं. आत्या तिला 'पैलवान' म्हणत आणि तिच्याबद्दल पुल्लिंगातच बोलत. "आज जरा खोकतोय," "थंडीत त्याला उठायला वेळ लागतो," "त्याचा खुराक मोठा आहे, पण अंगाला लागतो." खुराक म्हणजे पेट्रोल. ते अंगाला लागायचं की नाही ठाऊक नाही, वासाने मात्र आमच्या कपड्यांना लागायचं.

या पैलवानाला एसी नव्हता. स्टिअरिंग वळवायला दोन्ही हात, खांदे आणि थोडी इच्छाशक्ती लागायची. ब्रेक दाबणं ही आज्ञा नसून नम्र विनंती असायची आणि तिचा विचार पुढच्या सिग्नलपर्यंत चालायचा. आत्या पाठीशी एक आणि बुडाखाली दोन उशा घेऊन बसत, त्यामुळे समोरून बघणाऱ्याला स्टिअरिंगवर फक्त एक चष्मा आणि करारी कपाळ दिसे. काका, म्हणजे आत्यांचे यजमान, शेजारी डोळे मिटून अथर्वशीर्ष म्हणत. आत्या त्यावरून अंतर मोजायच्या. "क्लेटन ना? दीड अथर्वशीर्ष," असं त्या पाहुण्यांना गंभीरपणे सांगत. पाहुण्यांना आधी गॅरेज दाखवलं जाई आणि मग चहा मिळे. गॅरेजमध्ये जो नुसतं "नाइस कार" म्हणे त्याला चहाबरोबर मारी बिस्किट. जो बॉनेट उघडायची विनंती करी त्याला चकली.

मला चकली मिळायची, आणि तिथेच माझं डोकं फिरलं. त्या सुमारास जुन्या गाड्यांची नावं आणि चेहरे घेऊन नव्या गाड्या बाजारात आल्या होत्या. तोच लांब नाकाचा डौल, तशाच रुंद पट्ट्या, आत मात्र सगळं आजचं. आत्यांच्या पैलवानाच्या भाऊबंदांपैकी एकाचा असाच नवा अवतार मी घेतला. बायको म्हणाली, "तुला हौस आहे म्हणून घे. आत्याला खूष करायला घेत असशील तर पस्तावशील." मी गाडी घेऊन थेट आत्यांच्या दारात गेलो.

आत्यांनी गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. दारावर टिचकी मारली. बॉनेट उघडायला लावलं आणि आतल्या काळ्या प्लास्टिकच्या झाकणाकडे बघत राहिल्या.

"इंजिन कुठंय?"

"त्याच्याखाली, आत्या."

"मग मांजर तोंड घालील म्हणून झाकलंय का?"

मी घाईघाईने गाडीचे गुण सांगायला लागलो. वेग, ब्रेक, पावसात न घसरणारी चाकं. शेवटी म्हणालो, "आणि हे बटण दाबलं की इंजिनाचा आवाजसुद्धा बदलतो. आत स्पीकरमधून ऐकू येतो." बोलल्याबरोबर मला कळलं की मी माझ्याच हाताने माझी कबर खणलीय.

"स्पीकरमधून?" आत्यांनी काकांना हाक मारली. "अहो, ऐकलंत का? जावईबापूंच्या पैलवानाने शड्डू रेकॉर्ड करून आणलाय!" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अरे, तालमीतला पैलवान वेगळा आणि जिममध्ये फुगवलेला वेगळा. नाव तेच, मिशीही तीच. म्हणून काय आखाड्यात माती चढते का अंगाला?" त्या दिवशी मला चहाबरोबर मारी मिळालं.

मग करोना आला आणि मेलबर्न कडीकुलपात गेलं. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही, बाहेर पडायला सबळ कारण हवं, सामान आणायला घरातल्या एकानेच जायचं. माझी गाडी ड्राइव्हवेत पांघरूण घेऊन झोपली. आत्यांनी नियमांचा बारकाईने अभ्यास केला. रोगाशी लढणाऱ्या डॉक्टरांशी त्या दगाफटका करणार नव्हत्या, पण सरकारला शरणही जाणार नव्हत्या. सामान आणायला परवानगी आहे ना? मग दर रविवारी पैलवान कोथिंबीर आणायला जाईल. दुकान चालत जाण्याइतकं जवळ होतं. एका जुडीपायी जेवढं पेट्रोल जळायचं तेवढ्यात कोथिंबिरीचा मळा पिकला असता. "इंजिन बंद पडून राहिलं की मरतं," आत्या फोनवर सांगत. "माणसाचंही तसंच. मी काकांनासुद्धा रोज अंगणात फिरवते."

एका रविवारी त्यांना एका तरुण पोलिसाने थांबवलं. ही हकिगत काकांकडून कधीच नीट कळली नसती, कारण ते घरी होते. आत्यांनी ती स्वतःच आम्हाला व्हिडिओ कॉलवर दोन्ही भूमिका करून दाखवली.

"कुठे निघालात, मॅडम?"

"कोरिअँडर."

"फक्त कोरिअँडर?"

"हिरव्या मिरच्याही आहेत. त्या उगाच सांगून तुमचा वेळ का घेऊ?"

पोलिसाने आत वाकून उशांची चळत पाहिली, मागे कोथिंबिरीची रिकामी पिशवी पाहिली, आणि मग मास्कवरच्या त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "माझ्या आजोबांकडे अशीच होती," तो म्हणाला. पुढची काही मिनिटं रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडं होतं आणि कायद्याचा रक्षक दीड मीटरवरून कार्बोरेटर बघत होता. जाताना तो म्हणाला, "नो वरीज, मॅडम. मिरच्या विसरू नका." आत्यांच्या मते राज्यात डोकं ठिकाणावर असलेला तेवढा एकच माणूस उरला होता.

माझ्यावर मात्र नामुष्कीची वेळ यायची होती. माझी बायको एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. रोज तिची मैत्रीण तिला गाडीतून न्यायची. एके सकाळी मैत्रिणीला ताप आला, तिला घरीच थांबावं लागलं, आणि बायकोची शिफ्ट तासाभरावर होती. मी ऐटीत पांघरूण काढलं, बटण दाबलं. गाडीने पडद्यावर एक खेदाचा संदेश दाखवला आणि तोही विझला. महिनोन् महिने उभी राहून बॅटरी मेली होती. तिकडे लॅबमध्ये तपासणीच्या नमुन्यांचे ढीग लागलेले. बायकोने माझ्याकडे एकदा बघितलं आणि आत्यांना फोन लावला.

आधी आवाज आला, मग गाडी. आत्या गाऊनवर काकांचा कोट, तोंडाला मास्क आणि हातात बॅटरी जोडायच्या तारा घेऊन उतरल्या. चिमटे लावताना भूलतज्ज्ञाचे ते हात जराही थरथरले नाहीत.

"उभ्या उभ्या बॅटरी कशी उतरते रे?"

"तिच्यात कंप्युटर असतात, आत्या. बंद असली तरी आत काही ना काही चालूच असतं."

"म्हणजे झोपेतही विचार करत बसते. मग थकणारच." त्यांनी पैलवानाचं इंजिन जरा चढवलं. शेजारच्या खिडक्या थरथरल्या आणि माझ्या गाडीने गुपचूप डोळे उघडले. बायको शिफ्टला वेळेवर पोचली. आत्यांनी तारा गुंडाळत एवढंच म्हटलं, "थोरल्या भावाचं रक्त चढवलंय. जपून चालव." त्यानंतर आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ही गोष्ट सिडनीच्या ब्लॅकटाउनपासून पुण्यापर्यंत पोचली, आणि प्रत्येक वेळी माझी गाडी थोडी जास्त आजारी होती.

अखेर अंतराची सगळी बंधनं उठली. आत्यांचा फोन आला, "तुझा घेऊन ये. डोंगरात जाऊ. होऊ दे निकाल." आम्ही हिल्सव्हिलच्या पुढच्या घाटात गेलो. दोन्ही बाजूंना आभाळात घुसलेले निलगिरीचे सरळसोट वृक्ष, खाली नेच्यांची हिरवी गर्दी आणि वळणावर वळणं. निकाल पहिल्या काही वळणांतच लागला. माझी गाडी अशी गेली की जणू रस्ताच तिच्यासाठी वळत होता. पैलवान मागे प्रत्येक वळणावर हुंकारत, डुलत, टायरांनी किंचाळत येत होता. चढावर मला आरशात तो दिसेनासा झाला. परत फिरून बघतो तर रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत नाकातून वाफा सोडत उभा, आणि शेजारी आत्या थर्मासमधला चहा ओतताहेत.

"तापलाय. निवू दे," त्या म्हणाल्या. मी जिंकलो होतो. त्यांनीच हात पुढे केला. "आण. तुझा चालवून बघते."

दोन्ही उशा माझ्या गाडीत आल्या. सीटच बटणाने वर गेली, तेव्हा आत्यांनी त्या मागे टाकल्या. काका आपल्या गाडीपाशी थांबले. आम्ही वर जाऊन परत आलो. आत्या इतकी सुरेख गाडी चालवतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, कारण तोवर त्यांची निम्मी ताकद गाडीशी झुंजण्यात जात असे. खाली आल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं.

"उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "सगळ्या बाबतीत सरस आहे. खोटं कशाला बोलू? पण ही मला चुकूच देत नाही रे. मी जरा जास्त वळवलं, हिने सावरलं. मी नसते तरी हिचं अडलं नसतं. त्याला मात्र मी लागते."

मग त्या त्याच सुरात, चहात साखर किती हे सांगावं तसं म्हणाल्या, "मला काचबिंदू आहे. समोरचं लख्ख दिसतं, कडेचं विझत चाललंय. कायद्याला चालेल एवढं अजून दिसतंय, पण पुढच्या तपासणीत दिसणार नाही, हे मला डॉक्टरने सांगायची गरज नाही. बघ ना, चालवायची म्हणून जी काय शेवटची मुदत होती, ती सगळी कोथिंबिरीत गेली."

"इलाज असेल ना काही," असं मी पुटपुटलो.

"थेंब आहेत. ते चालू आहेत. रडू नकोस, मेट, तुझा मास्क भिजेल." आणि गाडीतून उतरून त्यांनी पैलवानाच्या बॉनेटवर तळवा ठेवून ताप पाहिला. परतताना त्यांनी त्याला स्वतःच घरी आणलं. वाटेत कुठल्याही वळणावर त्यांनी मला पुढे जाऊ दिलं नाही.

पुढच्या तपासणीची त्यांनी वाटच पाहिली नाही. त्याआधीच स्वतः जाऊन लायसन्स परत देऊन आल्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, अजून काही महिने वापरता येईल. आत्या म्हणाल्या, "कोणी काढून घ्यायच्या आत दिलेलं बरं." गाडी विकायचा विषय ज्या ज्या भाच्याने काढला त्याचा चहा कायमचा बंद झाला.

आता त्यांना समोरचंही धूसर दिसतं, आणि रविवारी पैलवान मी चालवतो. आत्या डावीकडच्या सीटवर बसतात आणि नुसत्या आवाजावरून माझ्या चुका काढतात. "अजून थांब. आता टाक तिसरा. हां, त्याला बोलू दे." स्टिअरिंग ओढून माझे खांदे भरून येतात. परवा स्प्रिंगव्हेल रोडच्या सिग्नलला आमच्या डावीकडे एक ट्रक उभा राहिला. खिडकीतून ड्रायव्हर अर्धा बाहेर आला आणि हसत अंगठा दाखवू लागला. आत्या सरळ समोर बघत होत्या.

"आत्या, डावीकडचा ट्रकवाला सलाम ठोकतोय."

"मला?"

"तुम्हालाच."

आत्यांनी पदर सावरला, हनुवटी वर केली आणि संथपणे त्या बाजूला वळून हात हलवला. तोवर सिग्नल सुटून ट्रक केव्हाच पुढे गेला होता. त्या रिकाम्या लेनकडे बघून त्या कितीतरी वेळ हात हलवत राहिल्या. मागच्याने हॉर्न दिला, तरी त्यांचा हात खाली येईपर्यंत मी गाडी हलवली नाही.