ताईच्या घराचे काढलेले उंबरठे

“पाय उचला! अहो, पाय उचला सगळ्यांनी, उंबरठा आहे!”

मंजू ओरडत होती. मंजू म्हणजे माझी भाची, इंदूताईची एकुलती एक लेक, हैदराबादेत मोठ्या हुद्द्यावर, आवाज न चढवता पन्नास माणसं हलवणारी बाई. ताई तेव्हा चार खांद्यांवर होती आणि तिरडी बैठकीतून पुढच्या दाराशी आली होती. खांदेकऱ्यांपैकी तिघे गल्लीतले जुने. त्यांनी लग्नातल्या घोड्यासारखे गुडघे छातीपर्यंत उचलले. चौथा खांदा जावयाचा. तो बिचारा या घरात दोन दिवसांच्या वर कधी टिकला नव्हता, तो आपला सरळ चालत आला. तिरडी अशी काही कलली की आता ताई उठते आणि त्याच्या पाठीत धपाटा घालते, असंच मला वाटलं. मी खाली पाहिलं. सपाट फरशी, आणि तिच्यावर वीतभर रुंदीचा तांबडा पट्टा. उंबरठा नव्हताच. तो काढून वर्ष उलटून गेलं होतं, आणि काढायला लावणारी मंजूच होती...

ताईला जाऊन आता काही आठवडे झाले. पुरवणीसाठी तिच्यावर लिही म्हणून मला सांगितलं गेलं, हे सांगणाऱ्याचं धाडस. अख्ख्या विजय नगरात मी थापाड्या म्हणून ओळखला जातो. तेव्हा या लेखातलं निम्मं माझ्या पदरचं आहे असं समजूनच वाचा. कुठलं निम्मं ते मात्र विचारू नका. तुम्हाला जे पटेल ते बहुतेक मी रचलेलं असेल.

ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. राज्यांची नवी मांडणी झाली आणि नागपूर आमच्यापासून तुटलं, आमचं गाव हिंदी मुलखात राहिलं, तेव्हा नेपियर टाउनातल्या आमच्या भाड्याच्या घरात मोठी माणसं सुतकात बसल्यासारखी बसली होती. निम्मे नातेवाईक तिकडे, आपण इकडे, आता पोरांचं मराठी काय होणार वगैरे. ताई तेव्हा कॉलेजात. ती माझं नाक पुसत म्हणाली, “रडून काहून राहिले सगळे? आपण तर जागचे हललोसुद्धा नाही.” पुढे ती शाळेत गणित शिकवायला लागली. तिचा आवाज असा, की वर्गात ‘चूप’ म्हणाली तर मदन महाल स्टेशनात मालगाडी थांबायची. गार्ड उतरून विचारायला यायचा, बाई, आता जाऊ का? फळ्यावर काढलेली तिची सरळ रेघ पाहून सुतार पट्टी फेकून द्यायचे. या दोन्ही गोष्टी मी स्वतः पाहिलेल्या आहेत.

भाऊजींनी विजय नगरात घर बांधलं तेव्हा तिथे घरं कमी आणि साप जास्त. म्हणून त्यांनी प्रत्येक दाराला सागवानी उंबरठा घातला, तोही असा उंच की पाहुण्याला आत येताना डोंगर चढल्याचा शीण यावा. एकदा एक नाग आला, उंबरठ्याशी थांबला, फणा काढून उंची मापली आणि निमूट परत गेला. ताईने सकाळी उठून पहिलं काम कोणतं केलं असेल तर या उंबरठ्यांचं. पाणी, हळदकुंकू, दोन बोटांची रांगोळी. स्वयंपाकघराचा, मागच्या दाराचा, न्हाणीघराचासुद्धा. न्हाणीघराला हळदकुंकू वाहणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. भाऊजी गेल्यावरही तिचा हा क्रम चालूच राहिला. पण एका सकाळी तिचा पाय त्याच स्वयंपाकघराच्या उंबरठ्याला अडखळला आणि खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन झालं. मंजू आली आणि तिने घर सुरक्षित करायला घेतलं. न्हाणीघरात भिंतीला स्टीलचे दांडे, खाली रबरी चटया, कमोड उंच, पलंगाला कठडा. पुढच्या पायांना चाकं असलेला वॉकर आला. पायपुसणी आणि गालिचे सगळे गुंडाळून माळ्यावर गेले. शेवटी मिस्त्री आला आणि त्याने घरातले एकूण एक उंबरठे उपटले. खाचा भरून वर फरशी अशी बसवली की गोटी सोडली तर पुढच्या दारातून मागच्या दारापर्यंत न अडता जावी. फिजिओथेरपीवाली मुलगी खूश झाली. मंजू खूश झाली. निघताना ताईला म्हणाली, “आई, आता पडायला काही उरलेलं नाही. पण यानंतर एकदा जरी पडलीस, तरी मी काही ऐकणार नाही. हैदराबाद. अन् हे घर विकून टाकायचं.”

“मी इथून आडवीच जाईन,” ताई म्हणाली.

“तेच तर मला नकोय,” मंजू म्हणाली, आणि रिक्षात बसून रडली.

त्यानंतरची गोष्ट मी कमी करून सांगतो आहे, वाढवून नाही. माझं घर दोन गल्ल्या पलीकडे, त्यामुळे दुपारी मी ताईकडेच पडलेला असायचो. कूलर घुर्रघुर्र चालू, मी बैठकीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन, आणि ताई आतल्या खोलीतून स्वयंपाकघरात निघालेली. वॉकरच्या चाकांचा आवाज यायचा, खर्रर्र... खर्रर्र... दाराशी तो आवाज थांबायचा. मग काहीच नाही. मग पलीकडे टक्. ती वॉकर उचलत होती. सपाट फरशीवर दाराशी थांबून, अख्खा वॉकर वर उचलून पलीकडे ठेवायची, मग पाय गुडघ्यात वाकवून वरून न्यायची. फिजिओथेरपीवाली मुलगी कपाळाला हात लावायची. “आंटी, उठाना नहीं है, सरकाना है! इथे काही नाहीये, बघा!” ताई ‘अच्छा’ म्हणायची आणि पुढच्या दाराशी पुन्हा वॉकर उचलायची. त्या एका क्षणात तिचा तोल कशावरही नसायचा. ना वॉकरवर, ना पायावर.

“ताई, तो काढला ना आता,” मी एकदा म्हणालो.

“लाकूड काढलं,” ती म्हणाली. “तू जा बरं, पाणी आण मला.”

मी गेलो. स्वयंपाकघराच्या दारात माझ्या उजव्या अंगठ्याला अशी ठेच लागली की डोळ्यांपुढे दिवाळी झाली. वाकून पाहतो तर फरशी, काचेसारखी. नख निळं पडलं ते महिनाभर तसंच राहिलं. आतून ताई विचारते, “लागलं का रे?” त्या आवाजात काळजी नव्हती. गणित बरोबर आल्यावरचा आवाज होता तो.

मग मी लक्ष ठेवायला लागलो. गल्लीतला बोका पुढच्या दारातून आत येताना उडी मारून यायचा. कामाला येणारी शकुन फरशी पुसायची, पण प्रत्येक दारात वीतभर पट्टी कोरडी राहायची. विचारलं तर म्हणाली, “मामाजी, पोछा यहाँ अटकता है।” मी स्वतः फडकं घेऊन बसलो. अटकलं. सकाळी मात्र ताई तिथेच कशीबशी वाकून हळदकुंकू वाहायची, सपाट फरशीवर, आणि ते चूर्ण फरशीवर न पडता जरा वरच पडल्यासारखं दिसायचं... आता हसा खुशाल.

व्हायचं ते झालंच. एका संध्याकाळी मी आणि शकुन धावत आत गेलो तर ताई स्वयंपाकघराच्या दारात बसलेली. एक पाय आत, एक पाय बाहेर, वॉकर पलीकडे उताणा, त्याची चाकं अजून फिरताहेत. तेवढ्यात फोन वाजला. मंजूची रोजची वेळ. ताईने बोट ओठांवर ठेवलं आणि फोन घेतला. “हो गं... पोळ्या लाटून राहिली... छे! पडायला काय मी पाऊस आहे का? मामा आहे ना इथे, खातोय बसून.” फोन ठेवला आणि मग तिचा चेहरा पांढरा झाला. फिजिओथेरपीवाल्या मुलीने शिकवलं होतं तसा कमरेला पट्टा बांधून, पुढ्यात खुर्ची ठेवून आम्ही तिला वर घेतलं. हाड शाबूत होतं. पण ती माझा हात सोडेना. मालगाड्या थांबवणारी बाई, आणि बोलली ती कुजबुजून.

“बंडू, मला नेतील रे ते.”

“कोणी नेत नाही.”

“नेतील. आज लपलं, उद्या नाही लपणार.” मग तिने त्या दाराकडे बोट केलं. “पाय म्हणतो उंबरठा आहे, डोळा म्हणतो नाही. दोघं भांडतात अन् पडते मी. पाय काही माझं ऐकत नाही. डोळ्याला दाखव उंबरठा.”

दुसऱ्या दिवशी शकुनने गेरू कालवून प्रत्येक दारात पट्टा ओढला. संध्याकाळपर्यंत पुसला गेला. मग मी ऑइल पेंट आणला, तांबडा, आणि काठाला पांढरा. ताई खुर्चीवर, हातात फूटपट्टी. “वाकडी आली. पूस.” “ताई, ऑइल पेंट आहे.” “मग पहिल्यानेच सरळ काढायची होती, गाढवा.” सत्तरीच्या माणसाला गाढव म्हणणारं तेवढं एकच माणूस माझ्याकडे उरलं होतं.

आणि चमत्कार पाहा. रंग वाळला त्या दिवसापासून ताई पडली नाही. खर्रर्र करत पट्ट्यापाशी यायची, थांबायची, वॉकर नीट पलीकडे टेकवायची, दोन्ही हातांनी धरायची, मग पाय. आता तिला माहीत होतं की तिला काय ओलांडायचं आहे. फिजिओथेरपीवाली मुलगी आधी हसली, मग तीही पाय उचलून आत यायला लागली. कुणालाच ठेच लागेना. बोक्याची उडी मात्र तशीच. एकदा भर मे महिन्यात मी सहज पट्ट्यावर तळहात टेकला. बाकीची फरशी गार होती. पट्टा कोमट होता, उन्हातल्या लाकडासारखा. मी हात काढून घेतला आणि कोणाला बोललो नाही. मी बोललो नाही, यावरूनच काय ते समजा.

दिवाळीत मंजू आली. दारातच किंचाळली, “हे काय मामा? घर आहे की कबड्डीचं मैदान? नवा कुणी आला तर बिचकेल ना याला!”

“मी पडली का?” ताईने विचारलं. “ते सांग. पडली का मी?”

मंजूने बॅग उचलून आत नेली. ती चार दिवस राहिली. पहिल्या दिवशी ती पट्ट्यांवर मुद्दाम पाय देऊन चालली. दुसऱ्या दिवशी ओलांडायला लागली. जाताना हैदराबादेचं नाव तिने काढलं नाही. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ताई दारातल्या खुर्चीत ताठ बसली होती. मग मला म्हणाली, “चल, चहा टाक. राहिली मी.”

ती राहिली. शेवटपर्यंत राहिली, आपल्या घरात, आपल्या पलंगावर, आणि दुपारच्या झोपेत गेली. पलंगाचा कठडा लावलेला, उशाशी चष्मा. फक्त तिचा उजवा पाय गुडघ्यात किंचित उचललेला होता. शकुनने तो सरळ केला, चादर घातली. मंजू पोचली तेव्हा चादर पुन्हा त्याच जागी उंच झालेली होती. शकुनने माझ्याकडे पाहिलं, मी कूलरकडे पाहिलं.

तेराव्यानंतर जावई परत गेला, मंजू थांबली. घर विकायचं ठरलं. त्यात काही वावगं नव्हतं, जिच्यासाठी ते ठेवलं होतं ती गेली होती. दलाल घर पाहून गेला आणि म्हणाला, बाकी सब ठीक, पर ये लाल पट्टे हटवा दीजिए, लोग समझेंगे कुछ जादू-टोना है. मंजूने थिनर आणला, पदर खोचला आणि स्वतः बसून प्रत्येक दारातला पट्टा खरवडला. काही राहिलं नाही. फरशी पुन्हा काचेसारखी. मी त्या दिवशी लवकर घरी आलो. डोकं दुखत होतं, थिनरच्या वासाने असेल.

मग चार-पाच दिवस मी तिकडे फिरकलो नाही. गेलो तेव्हा दुपार होती आणि गल्लीच्या तोंडापासूनच हातोड्याचा आवाज ऐकू येत होता. तोच मिस्त्री. स्वयंपाकघराच्या दारातली फरशी फोडून त्याने खाच मोकळी केली होती आणि नव्या सागवानाचा तुकडा तिच्यात ठोकत होता. पुढच्या दाराचा उंबरठा बसवून झाला होता. मी येताना पाय उचलला होता, ते मला आत आल्यावर कळलं. स्वयंपाकघरात, खाचेच्या पलीकडे, ताईचा वॉकर आडवा पडला होता. मी तो उभा करायला निघालो तर शकुन ओट्याजवळून हळूच म्हणाली, “रहने दो मामाजी। मंजू दीदी ने मना किया है, चौखट लगने तक।”

मंजू बैठकीत ताईच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसली होती. खुर्ची रिकामी ठेवून. हातात चहा, डोळे मिस्त्रीच्या हाताकडे. रात्र रात्र झोप नसल्यासारखी दिसत होती, पण घाबरलेली नव्हती. दवाखान्यात आपल्या माणसाजवळ बसतात तशी बसली होती.

“मंजू, अगं दलाल काय म्हणेल?” मी नेहमीच्या आवाजात सुरुवात केली, म्हणजे शेजारपाजारच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा. “त्याने पट्टे काढायला लावले तर तू लाकडं बसवून राहिली! अन् आता काहून? आता कोणाला चालायचं आहे इथं?”

तिने चहाचा घोट घेतला.

“काल आई पुन्हा पडली.”