बावखलात उतरलेली फिलू

माझी बायको फिलोमिना प्रार्थना मोठ्याने करायची, आणि काम करता करता करायची. मासळी साफ करताना रोजरी, म्हणजे आमची जपमाळेची प्रार्थना, चालू. मध्येच मला म्हणायची, "ते मांजर हाकल," आणि जिथे सोडली तिथून पुढे. मी म्हणायचो, "फिलू, देवासमोर जरा हात तरी जोड." ती म्हणायची, "जोडलेले हात घेऊन देव काय करेल? त्याला मोकळे लागतात."

मी फार शिकलो नाही. जसं आठवतं तसं लिहितो.

आमची वाडी, म्हणजे घर आणि भोवतीची केळीची बाग, पापडीला. मागे काही वर्षं विहिरीचं पाणी खारं होत गेलं. चहा फाटायचा, केळीची पानं कडेने करपायची. मुलगा म्हणाला, "पप्पा, विकून टाकू, फ्लॅट घेऊ." मी तयार होतो, खोटं कशाला बोलू. फिलू म्हणाली, "आधी बावखल साफ करू. मग विका."

बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं, जमिनीत मुरायचं, म्हणून विहिरी गोड राहायच्या. घरात नळ आल्यावर सगळ्यांनी त्याचा उकिरडा केला. गाळ, बाटल्या, मोडक्या खुर्च्या.

ती साडी खोचून एकटीच उतरली. रोजरीतली प्रत्येक प्रार्थना आमच्यात एकजण अर्धी म्हणतो, उरलेली अर्धी बाकीच्यांनी म्हणायची असते. ही आपली अर्धी म्हणायची आणि गप्प उभी राहायची. शेजारची आग्नेस बाजाराला चाललेली. सवयच ती, तिच्या तोंडून पुढची अर्धी निघून गेली. फिलू खालून म्हणाली, "आता बोललीस ना, मग गाळाची पाटी पण धर."

"फिलूबाय, मी कोलंबी आणायला निघालेय."

"कोलंबी पळत नाय."

अशी तिने माणसं जमवली. चर्चमधल्या सकाळच्या मिस्सावरून येणारे त्या वाटेने जायला घाबरायला लागले. तरी यायचेच.

गाळ म्हणजे खत. मी म्हटलं, आपल्या केळीला टाकू. ती म्हणाली, पहिल्या पाट्या पास्कूच्या वाडीत. पास्कू आमचा शेजारी. बांधावरून आमचं भांडण, कित्येक वर्षं बोलणं नाही.

"त्याने आपला बांध खाल्ला," मी म्हटलं.

"खाल्ला असेल. तहान त्यालाही लागते, त्याची विहीरपण खारीच हाय."

पास्कू कुंपणाशी येऊन ओरडला, "माझ्या दारात घाण कसली टाकता?"

"खत हाय," फिलू म्हणाली. "आणि फुकट नाय. फावडं घेऊन ये."

तो आला. रांगेत नेमका माझ्या शेजारी तिने त्याला उभा केला. पाटी त्याच्या हातातून माझ्या हातात. पहिल्या दिवशी तो "घे" म्हणायचा, मी घ्यायचो, तेवढंच. दुसऱ्या दिवशी माझी कंबर धरली, तर त्याने पाट्या अर्ध्या भरायला सुरुवात केली.  मी त्या तशाच पुढे दिल्या.

पाऊस झाला, बावखल भरलं. विहीर लगेच सुधारली नाही. पुढच्या पावसानंतर खारटपणा उतरायला लागला. विकायचा विषय पोराने परत काढला नाही. पण तोवर फिलूच्या किडन्या गेल्या होत्या. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. एवढं पाणी तिने आणलं, आणि तिच्या वाट्याला घोट.

एक दिवस म्हणाली, "आजचा घोट विहिरीचा दे." मी कपात आणलं. तिने तोंडात घेतलं आणि गिळेचना, नुसतं धरून बसली. मी घाबरलो. मग गिळलं.

"गोड हाय," ती म्हणाली. "पास्कूला सांगून ये."

मी गेलो. बांध ओलांडून त्याच्या दारात त्या भांडणानंतर पहिल्यांदाच उभा राहिलो आणि सांगितलं, "पाणी गोड झालं." तो म्हणाला, "चल, फिलूबायला बघून येतो."

त्याच महिन्यात ती गेली.

आता दुपारी पास्कू येतो. मी विहिरीच्या पाण्याचा चहा टाकतो. आम्हा दोघांना बोलता येत नाही, बोलायला तीच लागायची. कप रिकामे होतात तरी तो उठत नाही, आणि मीही त्याला जा म्हणत नाही.