भरलेला पट्टा

आई गेली त्यानंतर मी ऑफिसला रोज जायला लागले. तशी गरज नव्हती. अंधेरीच्या एमआयडीसीतलं आमचं ऑफिस हल्ली जवळजवळ रिकामंच असतं. बहुतेक जण घरूनच काम करतात, अधूनमधून तोंड दाखवून जातात. पण मुलुंडच्या घरात दुपारी शेजारपाजारच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या आणि आपला गॅस बंद, हे मला सोसत नव्हतं. म्हणून घाटकोपरपर्यंत बस, पुढे मेट्रो, आणि रांगेतल्या रिकाम्या टेबलांपैकी खिडकीजवळचं माझं.

माझं काम कपलिंग निवडून देण्याचं. मोटर आणि गिअरबॉक्स यांचे शाफ्ट ज्यानं एकमेकांना जोडतात, ते कपलिंग. कोळसा, खनिज, सिमेंटचं क्लिंकर वाहून नेणारे मोठमोठे पट्टे ज्या मोटरींवर चालतात, त्यांच्यासाठी कुठलं कपलिंग आणि केवढं, हे मी ठरवते. आता बराचसा हिशेब कॉम्प्युटर करतो. त्याला योग्य आकडे मात्र कुणीतरी विचारून घ्यावे लागतात.

तर विदर्भातल्या एका कोळसा खाणीतून चौकशी आली. चढावरचा लांब पट्टा, वारंवार जोडापाशी उसवणारा. चौकशीत दिलेल्या नंबरावर मी फोन लावला. तिथले देखभालीचे इंजिनिअर बोलले. आवाज पन्नाशीच्या आसपासचा, शांत.

"मोटर सुरू केली का पट्टा झटका मारते मॅडम, न जोड उघडते. दुरुस्त करतो, पुन्हा उघडते."

"सध्या कपलिंग कुठलं आहे?"

"साधं. पिन आन् रबरी बुशवालं."

म्हणजे मोटरचा सगळा जोर एकदम पट्ट्यावर जात होता. मी विचारलं, "पट्टा बंद पडतो तेव्हा रिकामा असतो की भरलेला?"

ते म्हणाले, "चौकशीच्या कागदात तर रिकामा लिहिलं आहे. पण मी स्वतः बघून सांगतो."

दोन-तीन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत त्यांचाच फोन आला. पट्ट्याच्या टोकाचा, कोळसा फोडणारा क्रशर अडकला की मागचं सगळं बंद होतं, आणि पट्टा कोळशानं भरलेलाच उभा राहतो. तसाच पुन्हा सुरू करतात, कधीकधी लागोपाठ. हे बघायला ते पाळी संपल्यावरही तिथे थांबले होते. "घरी जाऊन तरी काय करायचं," म्हणाले. "बायको न पोरी नागपूरला, शिकायला. इथं क्वार्टरमध्ये मी आन् पंखा."

मी हसले. ऑफिसात माझंच हसणं मला मोठ्यानं ऐकू आलं.

त्यानंतर फोन होत राहिले. काम होतंच. लागोपाठ किती वेळा सुरू करतात, पाया खचलाय का, गिअरबॉक्सच्या शाफ्टचं माप. ते दुपारीच करायचे, दोघांच्या जेवणाच्या वेळेला. एकदा त्यांनी सहज विचारलं, "आज डब्यात काय?"

मी खालच्या टपरीवरून आणलेलं सँडविच खात होते. आईच्या पश्चात मी स्वयंपाक असा केलाच नव्हता. "वालाची उसळ," मी म्हणाले.

"वाल? कडू नाही लागत?"

"सोलून केले की नाही लागत. आमच्या कोकणात बिरडं म्हणतात."

मग त्या संध्याकाळी घाटकोपरला उतरून मी वाल घेतले, भिजत घातले. मोड आल्यावर सोलायला बसले, तेव्हा कळलं की आई असताना हे काम आम्ही दोघी मिळून करायचो. एकटीला पुष्कळ वेळ लागतो. पण खोटं बोललेलं खरं करायचं होतं. पुढे रोजच काहीतरी करायला लागले, कारण कुणीतरी विचारणार होतं.

कपलिंग मी फ्लुइडचं ठरवलं, तेल भरलेलं. त्यात मोटर आधी मोकळी फिरते आणि वेग घेते. तेल हळूहळू आत उतरतं, तसतसा पट्ट्यावर जोर येतो. भरलेला पट्टाही झटका न बसता हलतो. साइजही ठरला. तिथे गाडं अडलं.

"आमचे मोठे साहेब म्हणतात, एक साइज मोठं घ्या. भक्कम होईल."

"मोठं घेतलं तर सुरुवातीलाच जास्त जोर जाईल. ज्या झटक्यासाठी बदलतोय, तोच परत येईल. शिवाय कपलिंगचं वजन गिअरबॉक्सच्या शाफ्टला पेलावं लागतं."

"मला पटते मॅडम. त्यांना कसं पटवू?"

"त्यांना फोनवर घ्या. मी सांगते."

ते साहेब तापट होते. मी बोलत असताना ते दुसऱ्याच कुणाशी बोलत होते. शेवटी म्हणाले, "आणि जोड पुन्हा उघडले तर?" मी काही म्हणायच्या आत यांचा आवाज आला, "तर मला जबाबदार धरा, सर." माझ्या शब्दावर एवढं कुणी केलेलं मला आठवत नव्हतं. फोन ठेवल्यावर मी उगाचच उठून पाण्याची बाटली भरून आणली.

माल गेला. बसवायला आमची टीम जाणार होती. मी सेल्सच्या माझ्या सहकाऱ्याला म्हटलं, "मी पण जाते ना."

"तू कशाला गं त्या उन्हात? वाट लागेल तुझी. इथे कोण आहे दुसरं?"

ते खरंच होतं. दुसरं कोणी नव्हतं.

सुरू करायच्या दिवशी त्यांचा फोन आला. "मॅडम, भरलेला आहे. मुद्दाम भरलेलाच ठेवला. ऐका." त्यांनी फोन तसाच पुढे धरला. आधी नुसती मोटर, उंच आवाजात. मग बराच वेळ तेवढीच, आणि मला वाटलं काहीतरी चुकलं. मग खालून एक जडसा घरघराट सुरू झाला, वाढत गेला, आणि पट्ट्याखालचे रोलर एकामागून एक बोलायला लागले. कुठेही धक्का नाही.

"ऐकलं?"

"ऐकलं."

"चालला मॅडम."

आम्ही दोघं ते ऐकत राहिलो. मग त्यांना कुणीतरी हाक मारली.

त्यानंतर फोन आला नाही. कपलिंग नीट चाललं की फोन करायचं कारण उरत नाही. मला ते माहीत होतं. तरी दुपारी डबा उघडला की मी मोबाइल टेबलावर उताणा ठेवायचे. आपण लावावा असं बऱ्याचदा वाटलं, पण काय म्हणून? पावसाळा सरला तेव्हा मला निमित्त सुचलं. तेलाची पातळी तपासली का, एवढं विचारायचं. लावला.

वेगळाच आवाज आला, तरुण आणि घाईतला. नंबर खाणीचा होता, माणसाचा नव्हता, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आधीचे इंजिनिअर आहेत का, मी विचारलं.

"ते साहेब? त्यांची बदली झाली न, नागपूरला. लय दिवसांपासून मागत होते. आता घरच्यांजवळ आहेत."

"बरं झालं," मी म्हणाले, आणि ते मनापासून होतं. "पट्टा कसा चालतोय?"

"बेस. एकही जोड उघडला नाही. त्यांचा नंबर देऊ का?"

समोर खिडकीत पलीकडच्या गाळ्याचा पत्रा उन्हात चमकत होता. तिकडे नागपूरला दुपारचं जेवण चाललं असेल, ताटं मांडलेली, मुली बोलताहेत, आणि मध्येच हा फोन. मुंबईहून एक बाई. कशाबद्दल? मी म्हटलं, "नको. काम कपलिंगचंच होतं. तेल बघून घ्या."

"घेतो मॅडम," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

नंतर बराच काळ वाटत राहिलं की घ्यायला हवा होता. कधी वाटतं, नाही घेतला तेच ठीक.

दिवाळीनंतर सहकारी माझ्या टेबलाशी आला. त्याच खाणीतून आणखी दोन पट्ट्यांसाठी ऑर्डर आली होती. तीच मोटर, तोच चढ. "झकास ना?" तो म्हणाला. "तुझ्यामुळे आली." मीही हसले. तो गेल्यावर मी जुनं काम कॉम्प्युटरवर उघडलं. सगळे आकडे भरलेले होते. साइज तोच. कुणाला काही विचारायची गरज नव्हती. जेवायच्या आत काम झालं.